रिकाम्या स्टोचा आवाज

परक्या लोकांच्या घरात शिरून त्यांच्या चुलीपुढं बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. त्याच्या हाताखाली नोकरी केली आहे. आयुष्यात मला जेवढे धक्के बसले त्यातले निम्मे त्या एका माणसानं दिले, आणि उरलेले निम्मे त्यापुढं किरकोळ वाटले.

पहिला धक्का मुलाखतीलाच बसला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी गिरगावातली, मॅट्रिक होऊन ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली. वडील रिटायर झालेले, भाऊ अजून शाळेत, तेव्हा घर चालायचं तर मला नोकरी हवीच होती. लालबागला पंपाचे स्टो बनवणारा एक कारखाना होता, तिथं ट्रेसरची जागा निघाली. ट्रेसर म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचं. मी माझी सगळी ड्रॉइंगं गुंडाळून, नऊवारीतल्या आईचा आशीर्वाद घेऊन, ट्रामनं तिथं पोचले. ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी त्या गुंडाळीकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलाखालून एक स्टो काढला, रॉकेलची बाटली काढली, भांडं पुढं सरकवलं आणि म्हणाले, "चहा करा."

मी हबकलेच. पण नोकरीची गरज मला होती, त्यांना नव्हती. मी स्टो पेटवायचा काकडा स्पिरिटमध्ये बुडवला, पेटवला, बर्नरच्या भोकात पिन मारली, पंप मारला, चहा केला. तेवढा वेळ ते एका बुटक्या स्टुलावर बसून, मान कलती करून, माझ्या हातांकडं बघत होते. चहा प्यायलेच नाहीत. "पिन मारताना तुम्ही श्वास रोखता," म्हणाले. "उद्यापासून या."

घरी वडिलांनी विचारलं, "ट्रेसर म्हणून घेतलंय की स्वयंपाकीण म्हणून?"

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत, पण लालबाग-परळच्या चाळींत ते 'पाहुणे' या नावानंच प्रसिद्ध होते. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरी पँट, पांढरा सदरा, आणि काखेत सदा ते बुटकं स्टूल. ते त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलं होतं आणि त्याची उंची अशी बेतली होती, की त्यावर बसलं की डोळे जमिनीवरच्या स्टोच्या ज्योतीला समांतर यावेत. ट्राममध्ये स्टूल घेऊन चढले की कंडक्टर म्हणायचा, "काय साहेब, आज पण बैठक घरूनच?" ते गंभीरपणे तिकिटाचे पैसे पुढं करायचे.

त्यांची कामाची रीत अशी होती. नवा स्टो काढायचा म्हटलं की बाकीचे कारखानदार जुना स्टो उघडून बसतात. हे कुणाचं तरी घर उघडून बसत. कुठल्याही चाळीत जायचं, दारात उभं राहायचं, "आम्ही स्टोच्या कारखान्यातून आलो, जरा बसू का?" एवढंच विचारायचं आणि मग तोंडाला कुलूप. बाई भाकऱ्या थापतेय, मासळी तळतेय, पोराला दटावतेय, आणि हे स्टुलावर बसून बघतायत! का करता, कसं करता, काय आवडतं, काय नको, असा एक प्रश्न विचारतील तर शपथ. मी एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, सरळ विचारलं तर लवकर नाही का होणार?"

"विचारलं की माणूस इस्त्रीचे कपडे घालून उत्तर देतो," ते म्हणाले. "मला घरातल्या कपड्यातला माणूस हवाय."

एका परपुरुषानं भरदुपारी बायकांच्या चुलीपुढं बसायचं, म्हणजे मार खायचंच काम. माझ्या आधी करी रोडच्या एका चाळीत कुणीतरी त्यांची गचांडी धरली होती म्हणे. तेव्हापासून मालकांनी हुकूम काढला, की यांच्याबरोबर कुणीतरी बाईमाणूस गेलंच पाहिजे. ट्रेसरची जागा का निघाली होती, त्याचा उलगडा मला नोकरीला लागल्यावर झाला. सकाळी ड्रॉइंगं गिरवायची आणि दुपारी परक्यांच्या घरी खांबासारखं उभं राहायचं. आईला मी फक्त सकाळचं सांगितलं होतं.

पण एका रविवारी हे गृहस्थ स्टूल घेऊन आमच्याच दारात उभे! वडील पेपर वाचत होते, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "जरा बसू का?" म्हणत स्वारी थेट स्वयंपाकघरात. आई बिचारी पदर सावरत पोहे करत राहिली, हे बघत राहिले, पोहे खाल्ले, नमस्कार केला आणि गेले. वडील दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी साहेब म्हणाले, "तुमच्या आई स्टोला घाबरतात."

मला हसूच आलं. आई आणि घाबरते? झुरळापासून घरमालकापर्यंत आमच्या घरात सगळ्यांना तीच निस्तरायची. पण त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याकडं पाहिलं. काकडा पेटवताना तिनं मान पूर्ण मागं वळवली, डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटली. पंप मारताना तिचा एक हात पदरावर घट्ट होता. मी इतकी वर्षं त्याच स्टोवरचा चहा पीत होते. "आई, तुला भीती वाटते याची?" मी विचारलं. ती म्हणाली, "छे, भीती कसली?" आणि मग जरा वेळानं, "पहिल्यापासून वाटते गं." ज्या घरात मी जन्मले तिथलं मला जे दिसलं नाही, ते एका परक्या माणसाला एका वाटी पोह्यांत दिसलं होतं. पुढं आमच्या कारखान्याचा लांब दांडीचा काकडा निघाला आणि भराभर खपला. त्याचा पहिला नमुना साहेबांनी आईला पाठवून दिला. तिनं तो शेवटपर्यंत वापरला.

त्यांच्या स्वतःच्या घराचं तर विचारूच नका. दादरला हिंदू कॉलनीच्या अलीकडं राहायचे. घरात ते अधूनमधून एखादी वस्तू हळूच हलवून ठेवत आणि काय होतं ते बघत. मिठाची बरणी साखरेच्या जागी, पोळपाट खिडकीत, काड्यापेटी देवापाशी. "एक गोष्ट हलवा आणि गप्प बसा," हा त्यांचा मंत्र. "घर आपोआप बोलतं." एकदा मी काही कागद द्यायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बस गं. चहा करते, पण गोड होईल की खारट ते यांना विचार. मी या घरात नमुन्यादाखल आहे." साहेब खळखळून हसले. मला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच्या हाताखालची वस्तू अशी हलवायची नसते, बायको असली म्हणून काय झालं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

परक्यांच्या घरात मात्र ते कशालाही हात लावत नसत. तो त्यांचा नियम होता. एकदाच मोडला. त्या एका वेळेचीच ही गोष्ट आहे.

झालं काय, की परदेशी बनावटीचा बिनआवाजाचा स्टो गिरगावातल्या दुकानांत दिसू लागला. तुमच्यापैकी ज्यांनी पंपाचा स्टो ऐकलाय त्यांना सांगायला नको. पेटला की असा फरफरतो, की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आमच्या मालकांनी तो मुका स्टो आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत आपला बिनआवाजाचा निघाला पाहिजे. नाही निघाला तर ड्रॉइंग ऑफिसला कुलूप लावीन. पाहुणचार पुष्कळ झाला." म्हणजे साहेबांची नोकरी जाणार, आणि त्यांच्या मागोमाग माझीही.

मालकांच्या हट्टापायी मी प्रश्नांचे कागद घेऊन चाळी पालथ्या घातल्या. झाडून साऱ्या बायका म्हणाल्या, आवाज नको, डोकं उठतं. मालक खूश. साहेबांनी कागदांकडं पाहिलं आणि म्हणाले, "सगळे इस्त्रीचे." मग त्यांनी वर्कशॉपमधून बिनआवाजाचे थोडे नमुने बनवून घेतले आणि लालबागच्या एका चाळीत काही बिऱ्हाडांना वापरायला फुकट दिले.

त्यातलं एक बिऱ्हाड शेवंताचं. ही मंडळी मालवणकडची. एक खोली, तिच्यात शेवंता, गिरणीत रातपाळीला जाणारा तिचा नवरा आणि सासू. सासूला सगळी चाळ आये म्हणायची. नवरा दिवसभर तोंडावर चादर घेऊन झोपलेला असायचा. आये दाराशी, गॅलरीकडं तोंड करून, तांदळाच्या सुपात मान घालून बसलेली. आणि शेवंता मोरीजवळ स्टोपुढं, आमच्याकडं पाठ करून.

पहिल्याच दिवशी आम्ही जिना चढत होतो तेव्हा शेजारणीनं मला कोपऱ्यात ओढलं. "बाय, आयेच्या म्होरं बाबीचा नाव काढू नकास हां. तिका म्हायत नाय."

बाबी हा आयेचा धाकटा मुलगा, शेवंताचा दीर. गोळीबारात गेला होता. मोर्चा बघायला म्हणून रस्त्यावर गेला आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावर. मिसरूड फुटायचं वय. आये त्या वेळी गावाला होती. ती म्हातारी, छातीची दुखणेकरी, ऐकलं तर जागच्या जागी जाईल, म्हणून मुलानं आणि सुनेनं तिला सांगितलं, की बाबीवर पोलिसांची नजर आहे, तो लांब कुठं लपून आहे. मग आये मुंबईला परत आली, आणि अख्खी चाळ तिच्यासमोर तेच सांगू लागली. न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे. शेवंता लग्न होऊन आली तेव्हा बाबी शाळेत जाणारा पोर होता. त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, शेजारीण म्हणाली. साहेबांनाही मी ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि वर चढले.

काही दिवसांनी आम्ही नमुने बघायला परत गेलो, तर काय! ज्या बायकांनी आवाज नको म्हणून कानावर हात ठेवले होते, त्यांचे बिनआवाजाचे स्टो फडक्यात बांधून माळ्यावर. खाली पुन्हा जुनाच फरफरतोय.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाय गो," शेवंता म्हणाली. "बरो आसा. जपान ठेवलंय. सणासुदीक काढूया."

बाकीच्याही हेच. कुणी पाहुण्यांसाठी ठेवलेला, कुणी नणंदेच्या लग्नासाठी. मी थक्क होऊन साहेबांकडं पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. दिवाळी जवळ येत चाललेली, मालक रोज विचारणा करतायत, आणि या माणसाला आनंद झालेला!

मग आमचं रोज शेवंताच्या खोलीत बसणं सुरू झालं. साहेबांना आधी वाटलं, नवऱ्याची झोप हे कारण असेल. एका खोलीच्या घरात स्टोचा आवाज थांबला की साऱ्या चाळीचा आवाज आत येतो, आणि रातपाळीच्या माणसाला त्यापेक्षा एकच मोठा आवाज परवडतो. हे त्यांनी मला जिन्यात मोठ्या खुशीत सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पुन्हा विचारात पडला. "स्टोवर भांडं नाही," ते माझ्या कानाशी ओरडले. खरंच. जेवणं झालेली, भांडी घासलेली, आणि स्टो रिकामा पेटलेला. वर काही नाही. शेवंता त्याच्यापुढं उकिडवी बसून, आमच्याकडं पाठ करून, ज्योतीत बघत होती. मोजूनमापून रॉकेल आणणारी ही बाई रिकामा स्टो कशाला जाळत होती? त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी तेच.

साहेब अस्वस्थ झाले. त्यांना काही दिसलं नाही की ते दात दुखत असल्यासारखे वागत. शेवटी त्या दुपारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की ते स्टुलावरून पुढं वाकले, हात लांब केला आणि स्टोची हवेची चावी सोडली.

फुस्स झालं. ज्योत बसली. आवाज थांबला.

आणि त्या गप्प झालेल्या खोलीत शेवंताचा हुंदका ऐकू आला. साधा हुंदका नव्हे. आवाजाच्या आडोशानं ती मोकळं रडत होती, मोठ्यानं, नाव घेऊन. "बाबी रे... माज्या बाबल्या... शेवटचा पाणीसुद्दा माज्या हातचा नाय रे..." तिच्या ध्यानात यायच्या आत ती एवढं सगळं बोलून गेली होती. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आवाज थांबला म्हणून जाग आलेला नवरा चादर फेकून उठून बसला होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही म्हातारी कोसळणार, या माणसाच्या एका बोटानं मरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला त्या क्षणी साहेबांचा इतका राग आला, की तेवढा नंतर आयुष्यात कुणाचा आला नाही. ते उभे राहिले, पुन्हा खाली बसले, काकडा हातात घेतला, काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली, तीही विझली. ज्या माणसाचं आयुष्य स्टो बनवण्यात गेलं होतं त्याला तो स्टो पेटवता येईना.

आये मात्र दाराशी तशीच बसली होती, आमच्याकडं पाठ करून. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हळूहळू वळली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. डोळे सुजून लाल झालेले, गाल ओले, पदराचं टोक भिजून चिंब. हे आताचं रडणं नव्हतं. ती कितीतरी वेळ रडत होती.

"शेवंता," ती म्हणाली, "माका म्हायत आसा गो. पयल्यापासून म्हायत आसा."

तिनं भिंतीला हात टेकला.

"पयली आख्खी चाळ बाबल्याच्या नावान बोंब मारी. ह्येची काच फोडली, त्येचो पतंग फाडलो. आता मी गावसून इलंय तेवापासून कोणच तेका वायट म्हणणा नाय. सगळी म्हणतत, बरो पोरगो, गुणी पोरगो." तिनं नाक ओढलं. "जित्या माणसाक इतक्या बरा कोण म्हणता गो?"

शेवंताच्या तोंडातला पदर गळून पडला. "मगे बोललास नाय कित्याक, आये?"

"तू माज्यासाठी गप ऱ्हवलंस. म्हटला, मी तुज्यासाठी गप ऱ्हवतंय." मग तिनं त्या विझलेल्या स्टोकडं बोट केलं. "तू ह्येच्या आवाजात रडस, तेवा मी पण रडान घेय. माका वाटा, ह्या आवाजात तुका ऐकाक येवचा नाय. आता पेटव तो. आख्खी चाळ ऐकताहा."

शेवंतानं साहेबांच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली. हवेची चावी आवळली, पंप मारला. एका काडीत स्टो पेटला, फरफरू लागला, आणि मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून काय रडल्या ते मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं. नवरा भिंतीकडं तोंड करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. मी साहेबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. स्टूल आत राहिलं. आम्ही रस्त्यावर आलो. मग ते म्हणाले, "चावीला हात लावायला नको होता." एवढंच. आणि ट्रामची वाट न बघता लालबागपासून दादरपर्यंत चालत गेले.

पुढचे काही दिवस ते ऑफिसात आले ते फक्त कागदाला नाक लावायला. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी माझ्यापुढं एक ड्रॉइंग टाकलं. बिनआवाजाच्या स्टोचं सगळं गुपित बर्नरवरच्या एका छोट्या टोपीत असतं. ती टोपी त्यांनी सुटी केली होती. घातली की स्टो मुका, काढली की फरफरणारा. बोटानं काढता येईल अशी, घालता येईल अशी.

मालक ड्रॉइंग बघून चक्रावले. "आवाज मुद्दाम ठेवलाय? आवाजाला पैसे कोण देईल?"

"आवाज फुकट," साहेब म्हणाले. "टोपीचे पैसे घ्या."

"पण कशासाठी? काय पाहिलंत तुम्ही त्या चाळीत एवढे दिवस?"

"ते सांगण्यासारखं नाही."

"मग मी पगार कशाचा देतो?" मालकांचा आवाज चढला. माझं सगळं लक्ष दाराच्या कुलपाकडं.

"स्टो काढण्याचा," साहेब शांतपणे म्हणाले. "तो काढलाय. त्या घरात जे आहे ते त्या घरात राहील." एरवी पाहिलेली बारीकसारीक गोष्ट रंगवून सांगणारा हा माणूस त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. मालकांनी हात टेकले, टोपीचा स्टो दिवाळीला बाजारात गेला आणि बऱ्यापैकी खपला. ड्रॉइंग ऑफिसला कुलूप लागलं नाही. विक्रेते सांगायचे, की बायका तो बिनआवाजाचा म्हणून घेतात आणि टोपी घरी गेल्यावर कुठं ठेवतात कोण जाणे.

साहेब मात्र बदलले. चाळीत जायचे, पण बसायच्या आधी आता दोनदा विचारायचे. घरी मिठाची बरणी जागच्या जागी राहू लागली, तेव्हा त्यांच्या पत्नीच घाबरल्या. "यांना बरं नाही का गं?" मला विचारलं त्यांनी. शेवंताच्या चाळीकडं मात्र ते फिरकले नाहीत. स्टूल आणायला त्यांनी मला पाठवलं.

मी गेले, तर आये त्या स्टुलावर बसलेली. म्हणाली, "तेंका सांग, ह्या स्टूल मी देवचंय नाय. भुंयर बसान गुडघे दुखतत. हेच्यार बसान बरा वाटता." मी रिकाम्या हातानं परत आले आणि साहेबांना तसं सांगितलं.

त्यांनी जरा विचार केला आणि मग त्यांनी मला चक्क एक प्रश्न विचारला. "त्यांना उठताना हात टेकावा लागतो का हो?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा असा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "लागतो, भिंतीला." त्यांनी मान हलवली. पुढं ती गोष्ट मी विसरूनही गेले.

मग एकदाचा मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या दिवशी गिरणगावात घराघरांवर कंदील लागले होते, लेझीम, ढोल, रस्त्यावर साखर वाटत होते. संध्याकाळी साहेब माझ्या घरी आले. यावेळी दारातच उभे राहिले. त्यांच्या दोन्ही हातांत दोन नवी स्टुलं होती, पहिल्यापेक्षा किंचित उंच, पाठ टेकायला मागं फळी लावलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. "लालबागला जायचंय," म्हणाले. "चला."

"दोन कशाला?" मी ट्राममध्ये विचारलं. "आये तर एकटीच बसते."

ते खिडकीबाहेर बघत होते. "सून उकिडवी बसते," ते म्हणाले. "उकिडवी बसून रडणारी बाई कधीही उठायच्या तयारीत असते. कुणी हाक मारली, कुणी आलं, दूध उतू गेलं. मी एवढे दिवस तिची पाठ बघत होतो, आणि मला एवढंसुद्धा कळलं नव्हतं." मग म्हणाले, "तिला एकदा नीट बसू दे."

चाळीच्या दाराशी ते थांबले. वर यायला तयार होईनात. मी एकटीनं स्टुलं वर नेली. गॅलरीभर दिवे, पोरं साखर खातायत, खाली ढोल. शेवंताच्या खोलीत बाबीच्या फोटोला हार घातलेला होता, उघडउघड, भिंतीच्या मधोमध. मी स्टुलं ठेवली आणि कुणी पाठवलीत ते सांगितलं. आयेनं फळीवर हात फिरवून पाहिला आणि बसली. शेवंता म्हणाली, "बस गो बाय, चाय ठेवतंय," आणि सवयीनं स्टोपुढं उकिडवी झाली. आयेनं दुसरं स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं. शेवंतानं स्टो पेटवला, तो फरफरू लागला. चहाचं भांडं हातात घेतलं, फोटोकडं पाहिलं, आणि भांडं खाली ठेवलं. मग ती स्टुलावर बसली. आधी पुढच्या कडेवर, मग हळूहळू मागं. मी दार लोटून घेतलं आणि खाली आले.

साहेब चाळीकडं पाठ करून, रस्त्यावरच्या रोषणाईकडं तोंड करून उभे होते. साऱ्या जगाकडं बघत बसणारा तो माणूस, वर एकदाही मान वळवून बघत नव्हता.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली," मी म्हटलं. "टेकून."